हृदयाची वाट पायातून गेली

बेळगावात कुणाची अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली धमनी आतून रुंद करण्याचं काम, झाली की घरचे म्हणतात, "स्प्रिंग बसवली." धमनी उघडी ठेवणाऱ्या त्या बारीक जाळीचं खरं नाव स्टेंट, पण तो शब्द फाइलीतच राहतो. परवा शहापुरातल्या एकाला भेटायला गेलो, तर त्यांनी मनगटावरची पट्टी दाखवली आणि म्हणाले, "एवढ्याशा भोकातून गेले बघा." शेजारी बसलेला माझा मित्र उद्यमबागेत, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, टर्नर आहे. त्याचा पहिला प्रश्न, "मटेरियल कुठलं? आणि किती जाडीचं?"

त्याच्या प्रश्नाला घरचे हसले. पण ही हत्यारं ज्यांनी पहिल्यांदा घडवली त्यांच्यापुढेही नेमके हेच प्रश्न होते: नळी कशाची, जाडी किती, जोड कुठे द्यायचा आणि तो सुटणार नाही याची खात्री कशी करायची. त्यातली बरीच मंडळी डॉक्टर होती, पण कामं त्यांनी कारागिराची केली. आणि आज आपण छातीशी जोडतो ती ही विद्या वाढली पायात.

पायाचं दुखणं आमच्या भागाला नवं नाही. माझे आतोबा निपाणीला तंबाखूच्या वखारीत होते. बिडी शेवटपर्यंत सुटली नाही. आधी चालताना पोटरी धरायची, मग अंगठा काळा पडला, मग गुडघ्याखाली पाय गेला. डॉक्टरांनी सांगितलेलं नाव बर्जर रोग. न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी १९०८ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. तंबाखू ओढणाऱ्यांच्या, त्यातही तरण्या पुरुषांच्या, हातापायांतल्या बारीक रक्तवाहिन्या त्यात सुजून बंद होत जातात, आणि बिडी सोडणं हाच आजही त्यावरचा पहिला इलाज आहे. पुढे नळीच्या टोकावरच्या ज्या फुग्यांबद्दल लिहिणार आहे, ते इतक्या बारीक नसांत फारसे कामाला येत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. पण पाय बंद पडायला दुसरीही कारणं असतात. हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी मांडीच्या धमनीत येऊन अडकली, तर पाय काही तासांत गार पडतो आणि मग हातचा जातो.

१९५०च्या दशकात अशा गुठळीवर उपाय म्हणजे धमनी लांबवर उघडायची आणि चिमट्याने गुठळी तुकड्यातुकड्यांनी काढायची. तासन्‌तास चालणारं काम. पुष्कळांचा पाय तरी जायचा, नाहीतर जीव. अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका इस्पितळात थॉमस फोगार्टी नावाचा पोरगा हे सगळं जवळून बघत होता. वडील लहानपणीच गेलेले. शाळकरी वयापासून तो तिथे उपकरणं धुण्याच्या कामाला होता, पुढे ऑपरेशनच्या टेबलाशी हत्यारं हातात देणारा मदतनीस झाला. घरी विमानांची मॉडेल्स करायची, स्कूटरचा क्लच सुधारायचा, असले उद्योग. जॅक क्रॅनली या सर्जनने त्याला हाताशी धरलं आणि डॉक्टरकीला घातलं.

फोगार्टीची कल्पना सांगायला सोपी आहे. जांघेत लहान काप द्यायचा. टोकाला मिटलेला फुगा असलेली बारीक नळी गुठळीच्या आरपार घालायची. पलीकडे गेल्यावर फुग्यात सलाइन भरून तो फुगवायचा आणि नळी मागे ओढायची. विहिरीत पडलेली कळशी गळाने काढतात तसं हे नाही. गळ कळशीला वरून धरतो, हा फुगा गुठळीच्या मागे जाऊन तिला दाराशी लोटत आणतो.

घोडं अडलं जोडाशी. नळी घेतली लघवीसाठी वापरतात ती. फुगा केला शस्त्रक्रियेच्या रबरी हातमोज्याच्या करंगळीचा. पण नळी व्हायनिलची आणि मोजा लॅटेक्सचा, त्या दोघांना धरून ठेवील असा गोंद त्या काळी मिळेना. फोगार्टीला मासेमारीचा नाद होता. गळावर पिसांची खोटी माशी दोऱ्याने आवळून बांधायचं एक तंत्र असतं, ते त्याच्या बोटांत बसलेलं होतं. त्याच गाठींनी त्याने मोज्याचं बोट नळीवर बांधलं. गाठ सरकली नाही, फुगा गळला नाही. १९६१ साली हे हत्यार पहिल्यांदा माणसाच्या पायात गेलं. १९६३ साली त्यावरचा लेख छापून आला. कंपन्या मात्र हात लावीनात, त्यामुळे सुरुवातीची कित्येक कॅथेटर्स, म्हणजे या नळ्या, त्याने स्वतःच्या हाताने बांधून दिली. आज रक्तवाहिन्यांच्या साध्यातल्या साध्या सर्जनकडेही 'फोगार्टी' असतोच. माणसाचं नाव हत्याराला पडलं.

पुढचा धागा आमच्या उद्यमबागेला जवळचा आहे. फोगार्टी पुढच्या शिक्षणासाठी ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडला गेला. तिथे अल्बर्ट स्टार नावाचे हृदयशल्यचिकित्सक होते आणि त्यांच्याबरोबर लोवेल एडवर्ड्स. एडवर्ड्स डॉक्टर नव्हते. हायड्रॉलिक्सचे इंजिनिअर, विमानांच्या इंधनपंपाच्या पेटंटांवर बऱ्यापैकी पैसा मिळवून निवृत्त झालेले. १९५८ साली ते स्टारकडे आले ते थेट कृत्रिम हृदय बनवायचा विचार घेऊन. स्टार म्हणाले, आधी एक झडप करू. १९६० साली ती माणसात बसली: धातूच्या पिंजऱ्यात एक गोळी, रक्त आलं की गोळी वर, परत फिरू लागलं की गोळी खाली बसून वाट बंद. हायड्रॉलिक सिलिंडर जोडणारा आमचा कुठलाही फिटर ते चित्र बघून म्हणेल, हा तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. तोच आहे. याच एडवर्ड्सच्या कारखान्याने पुढे स्टारच्या शब्दाखातर फोगार्टीचं कॅथेटर बनवायला घेतलं.

इथे मापाबद्दल थोडं. आपल्याकडे जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात. कॅथेटरवाले 'फ्रेंच'मध्ये बोलतात, आणि ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. हे माप एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या जोसेफ शारिएर या हत्यारं घडवणाऱ्याने बसवलं. त्याची उमेदवारी सुऱ्या-चाकू करणाऱ्याकडे झाली होती. मनगटातून जाणारी ६ फ्रेंचची नळी म्हणजे २ मिलिमीटर, सायकलच्या आरीएवढी.

पोर्टलंडमध्येच चार्ल्स डॉटर होते. एक्स-रे विभागाचे प्रमुख, आणि सर्जन लोकांच्या डोळ्यांत सलणारे, कारण एक्स-रेवाल्याने फोटो काढून द्यावा, दुरुस्ती करू नये अशी तेव्हाची रीत. एका सर्जनने तर त्यांच्याकडे पाठवलेल्या कागदावर बजावून लिहिलं होतं की फोटो काढा, दुरुस्त करायला जाऊ नका. १६ जानेवारी १९६४ रोजी ८२ वर्षांची एक बाई त्यांच्याकडे आली. पायाची बोटं कुजत चाललेली, सर्जन पाय कापा म्हणत होते, आणि ती नाही म्हणत होती. डॉटर यांनी मांडीच्या धमनीतल्या अरुंद जागेतून आधी बारीक आणि मग तिच्यावरून जाड अशा टेफ्लॉनच्या नळ्या सरकवून वाट रुंद केली. पाय गरम झाला. जखमा भरल्या. ती बाई पुढे मरेपर्यंत आपल्या दोन पायांवर चालली. अँजिओप्लास्टीची सुरुवात ही अशी, हृदयापासून दोन-अडीच हात लांब.

नळ्या ओवायला लागणाऱ्या तारांसाठी डॉटर गिटारच्या तारा आणि मोटारीच्या स्पीडोमीटरची केबलसुद्धा वापरून बघत. १९६३ साली शिकागोच्या एका प्रदर्शनात बिल कुक नावाचा तरुण ब्लोटॉर्च आणि टेफ्लॉनची नळी घेऊन बसला होता, घरातल्या रिकाम्या खोलीत धंदा नुकताच सुरू केलेला. डॉटर यांनी त्याच्याकडून टॉर्च आणि नळी मागून नेली, रात्री खोलीवर बसून कॅथेटर्स ओढली आणि सकाळी परत आणून दिली. कुकने ती विकली. पुढे त्याची कंपनी या धंद्यातल्या मोठ्या नावांपैकी एक झाली.

हृदयात नळी घालण्याचं धाडस मात्र या सगळ्यांच्या आधीचं. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे या गावात तरुण डॉक्टर वेर्नर फोर्समन यांनी स्वतःच्याच कोपरातल्या शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी आत सारली, तशीच घेऊन एक्स-रेच्या खोलीपर्यंत चालत गेले आणि नळीचं टोक हृदयात असल्याचा फोटो काढून घेतला. मोठ्या प्राध्यापकांनी हेटाळणी केली. ते मूत्ररोगाकडे वळले. न्यूयॉर्कच्या कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी पुढे त्यावर खरं काम केलं, आणि तिघांना मिळून नोबेल मिळालं १९५६ साली. आमच्याकडे ते वर्ष वेगळ्याच कारणाने लक्षात आहे. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आणि तो दिवस इथे अजून काळा दिवस म्हणून पाळला जातो.

मधल्या दोन पायऱ्या पटकन सांगतो. १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई, सुईतून तार, मग सुई काढून तारेवरून नळी, असा क्रम बसवला. त्यामुळे काप देण्याची गरजच संपली. १९५८ साली क्लीव्हलंडमध्ये मेसन सोन्स यांचं कॅथेटर चुकून हृदयाच्या स्वतःच्या धमनीत शिरलं आणि एक्स-रेत दिसण्यासाठी सोडतात ते रंगद्रव्य तिथे गेलं. रुग्ण दगावेल असं वाटलं होतं, तो वाचला, आणि हृदयाच्या धमन्यांचा असा फोटो काढण्याची रीत, कोरोनरी अँजिओग्राफी, जन्माला आली.

पायातून हृदयाकडे वाट नेली आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी. झुरिकमधल्या त्यांच्या घरी स्वयंपाकघरातलं टेबल हाच कारखाना. हाताखालची सहकारी मारिया श्लुम्फ आणि घरची मंडळी संध्याकाळी तिथे फुगे तयार करत. फोगार्टीचा लॅटेक्सचा फुगा त्यांच्या कामाचा नव्हता, कारण लॅटेक्स फुगत राहतं, आणि जिथे भिंत मऊ तिथेच जास्त फुगतं. कडक झालेल्या जागी दाब द्यायचा तर ठरलेल्या मापापर्यंत फुगून तिथेच थांबणारा फुगा हवा. त्यांनी पीव्हीसी घेतलं. सायकलची ट्यूब टायरशिवाय फुगवली की एका बाजूने फुगारा येतो आणि टायरमध्ये फुगवली की ती टायरच्या मापाची राहते, तेवढाच फरक, पण सगळी विद्या त्या फरकावर उभी आहे. १९७४ साली हा फुगा आधी पायात वापरला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी तो ३८ वर्षांच्या एका माणसाच्या हृदयधमनीत फुगवला गेला.

१९८५ हे वर्ष या मंडळींना वाईट गेलं. डॉटर फेब्रुवारीत गेले, सोन्स ऑगस्टमध्ये, आणि ऑक्टोबरात स्वतःचं छोटं विमान चालवताना ग्रुंटझिग. वय ४६.

फुग्याने उघडलेली जागा पुष्कळांत परत आवळायची. तिथे 'स्प्रिंग' आली. १९८६ साली फ्रान्समध्ये तुलूझला जाक प्युएल यांनी आणि स्वित्झर्लंडमध्ये लोझानला उलरिश सिग्वार्ट यांनी माणसाच्या हृदयधमनीत पहिल्या जाळ्या बसवल्या. अर्जेंटिनाहून आलेले हुलिओ पाल्माझ वेगळ्या वाटेने तिथेच पोचले होते. १९७८ साली त्यांनी ग्रुंटझिग यांचं भाषण ऐकलं, आणि घरी गॅरेजमध्ये पडलेला गिलाव्याच्या जाळीचा तुकडा बघून त्यांना आकार सुचला: पत्र्याला चिरा पाडून तो ताणला की चौकटी उघडतात आणि उघडलेल्या चौकटी मिटत नाहीत. पैसे दिले एका हॉटेलवाल्याने.

भारतात पहिली अँजिओप्लास्टी १९८६ साली चेन्नईत मॅथ्यू कलरिकल यांनी केली. त्यांचं शिक्षण ग्रुंटझिग यांच्याकडे झालं होतं. १९९०च्या दशकात क्षेपणास्त्रांच्या धातूंवर काम केलेले अब्दुल कलाम आणि हैदराबादचे हृदयरोगतज्ज्ञ सोमा राजू यांनी मिळून स्वस्त स्टेंट काढला. सुरतेत हिऱ्याला लेसरने पैलू पाडणाऱ्यांनी तेच लेसर बारीक नळ्या कापायला लावलं आणि तिथे स्टेंटचा धंदा उभा राहिला. बेळगावात विमानांचे सुटे भाग होतात, हायड्रॉलिक्स होतं, ओतकाम होतं. सुरतेचं बघून मला आपल्याकडच्या हातांबद्दल हेवा आणि हळहळ दोन्ही वाटतं. हे काम आधी बोटांचं आहे, ते बोटांना येतं. अडतं ते चाचण्या, परवाने आणि दहा वर्षं वाट बघू शकणाऱ्या पैशावर.

किमतीचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी एका स्टेंटला लाखाच्या वर बिल लागणं नेहमीचं होतं. आमच्या सीमाभागात त्यावर आणखी एक गाठ आहे: कुठल्या सरकारच्या कार्डावर. २०२३ साली महाराष्ट्राने आपली महात्मा फुले आरोग्य योजना सीमेवरच्या ८६५ गावांना लागू करायची ठरवली, कर्नाटकाने हरकत घेतली. रुग्ण आपला मिरज, कोल्हापूर, बेळगाव यांच्यात कागद घेऊन फिरतो.

टर्नर मित्राला मी नंतर उत्तर दिलं. हल्लीचा स्टेंट बहुतेक कोबाल्ट-क्रोमियमचा, आणि जाळीच्या एका काडीची जाडी ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे केसाएवढी. पहिल्या औषधवाल्या स्टेंटची १४० होती. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "लेसरने कापत असतील ते ठीक आहे. पण एवढ्या पातळ भिंतीची नळी मशीनच्या चकमध्ये धरतात कशी रे? दाबली की चेपणार."