चिमणी दिसते, फिल्टर दिसत नाही

सोलापूरकरांना चिमणीचा वाद नव्याने सांगायला नको. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या आड येते म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि जून २०२३ मध्ये महापालिकेने ती पाडली. कोणाचं खरं होतं, ते राहू द्या. चिमणी लांबूनही दिसायची, म्हणून चहाच्या टपरीवरही तिच्याबद्दल प्रत्येकाचं मत होतं. घातक जंतूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेच्या छतावरूनही हवा बाहेर सोडणारी नळी निघते. तिच्याबद्दल कोणाला काही विचारावंसं वाटत नाही.

अशा प्रयोगशाळांचे चार जैवसुरक्षा स्तर असतात. नेहमीच्या रक्त-लघवीच्या तपासण्या दुसऱ्या स्तरावर होतात. टीबीचे जंतू मुद्दाम वाढवायचे, तर तिसरा स्तर लागतो. निपाहसारख्या विषाणूंसाठी चौथा, आणि तशी प्रयोगशाळा पुण्यात पाषाणला राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे आहे.

तिसऱ्या स्तरापासून खरी मदार हवेवर असते. खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात. त्यामुळे दार उघडलं की हवा आत शिरते, आतली बाहेर येत नाही. बाहेर जाणारी हवा ‘हेपा’ फिल्टरमधून जाते. सोलापुरी माणसाला फिल्टर म्हटलं की चादरीची वीण आठवेल, पण इथे ताणाबाणा नसतो. बारीक काचतंतूंचा नुसता गुंता असतो. मोठा कण तंतूवर आदळून अडकतो. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतो आणि तोही कुठेतरी चिकटतो. सर्वांत चुकार मधलाच, साधारण ०.३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणून कस त्याच्यावर लावतात: असे ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत.

पण फिल्टर जागेवर असला तर! १९७९ मध्ये सोव्हिएत रशियातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे बीजाणू हवेत सुटले. काढलेला फिल्टर परत बसवायचा राहिला, असं सोव्हिएत जैविक शस्त्रांच्या कार्यक्रमातल्याच एका अधिकाऱ्याने नंतर सांगितलं. किमान ६६ माणसं गेली, बहुतेक वाऱ्याच्या दिशेला चार किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्ट्यातली. जनावरं तर ५० किलोमीटरपर्यंत दगावली. सरकार मात्र कित्येक वर्षं दूषित मांसाकडे बोट दाखवत राहिलं.

दुसरी गोष्ट ड्रेनेजची. २००७ मध्ये इंग्लंडात पिरब्राइटला एक सरकारी संशोधन संस्था आणि एक लस कंपनी एकाच आवारात होत्या. सांडपाण्याची वाहिनी सामाईक आणि जुनी. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर घोळ चालू होता (हे वाक्य वाचताना आपल्याला परकं वाटत नाही). तिथून लाळ्या-खुरकुताचा विषाणू आसपासच्या गोठ्यांत पोचला.

दोन्ही ठिकाणी जंतू बाहेर पडला तो इमारत संपून गाव सुरू होतं त्या सीमेवर. तिथलं ड्रेनेज, रस्ता, ॲम्ब्युलन्स गावाची. मग परवानगी देताना गावाला का विचारू नये?

अमेरिकेतल्या केंब्रिज शहराने हा प्रश्न १९७६ मध्येच विचारला. हार्वर्ड विद्यापीठाला जनुकं जोडण्याच्या प्रयोगांसाठी सुरक्षित प्रयोगशाळा बांधायची होती. महापौर अल्फ्रेड वेलुची अडून बसले आणि नगरपरिषदेने ठरावीक प्रयोगांना तीन महिन्यांची स्थगिती दिली. शास्त्रज्ञ चिडले: अडाण्यांनी विज्ञान का चालवायचं? मग शहराने नागरिकांचीच समिती नेमली. त्यात हे प्रयोग करणारा एकही शास्त्रज्ञ नव्हता. नर्स होती, तेलविक्रेते माजी महापौर होते. त्यांनी शंभराहून अधिक तास बैठका घेतल्या आणि प्रयोगांना हो म्हटलं, फक्त काही जादा अटी घालून. फेब्रुवारी १९७७ मध्ये त्याचा शहरी कायदा झाला. पुढे तिथे जैवतंत्रज्ञान कंपन्यांची रांग लागली. माझ्या मते नियम स्पष्ट असण्याचा त्यात मोठा हात होता.

आपल्याकडे असं काही नाही, असं मीही समजत होतो. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम घातक सूक्ष्मजीव आणि जनुकबदल केलेल्या जीवांसाठी आहेत. त्यांत जिथे गरज असेल तिथे जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी. सोबत जिल्हा आरोग्य अधिकारी, कारखाना निरीक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी, महापालिका आयुक्त. जागेवर जायचं, धोका काय ते पाहायचं, आणीबाणीत काय करायचं त्याचा आराखडा करायचा, हे तिचं काम. यात सामान्य नागरिकाला खुर्ची नाही, ही माझी तक्रार. पण ज्याचं ड्रेनेज, त्या महापालिकेला आहे, हे थोडं नाही.

हे दूरचं वाटत असेल, तर २०२२ मध्ये नाशिकला सुरू झालेली तिसऱ्या स्तराची फिरती प्रयोगशाळा आठवा. ती बसवर उभी आहे. साथ आली तर ती कुठल्याही जिल्ह्यात येऊ शकते, आपल्याही. येऊ दे, साथीत निदान दाराशी होणं मोलाचंच आहे. पण पक्क्या इमारतीची असो वा चाकांवरची, खोलीतला तो कमी दाब पंख्यांवर टिकतो आणि पंखे विजेवर. मे महिन्यात दुपारी पारा त्रेचाळिसाला टेकलेला असताना आपल्याकडे वीज गेली, तर जनरेटर किती सेकंदांत सुरू होतो? आणि तो शेवटचा कधी चालवून पाहिला, याची नोंद कोणत्या वहीत आहे?