डिक्कीवरची पट्टी आली कुठून

यवतमाळ-वाशीमकडच्या कुठल्याही मुरमाच्या रस्त्यावरून हॅचबॅक गाडी दहा किलोमीटर फिरवून आणा. बॉनेटवर धूळ जेमतेम दिसेल, मागची काच मात्र फुफाट्याने माखलेली असेल. चाकांनी उडवलेली धूळ खरं तर मागे रस्त्यावर पडून राहायला हवी, पण ती उलटी येऊन काचेला चिकटते. कारण गाडी पुढे जाताना तिच्या पाठीमागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि तिच्यात हवा भोवरे घेत राहते. ही पोकळी धूळ ओढते, तशीच गाडीलाही मागे ओढते. हवेचा रोध म्हणतात त्याचा मोठा हिस्सा हाच. समोरून येणारा वारा त्यामानाने कमी छळतो.

दुसरी गोष्ट वळवाच्या वादळातली. कोठ्यावरची टिनं उडतात ती वाऱ्याने ढकलून नव्हे. वारा छपरावरून वेगाने सरकतो तेव्हा वरचा दाब घटतो, आतली हवा टिन वर ढकलते आणि खिळे उपटतात. म्हणून तर लोक टिनावर दगड ठेवतात. धावणाऱ्या गाडीचं छत आणि मागचा उतार यांचंही असंच होतं, फरक एवढाच की इथे वारा थांबलेला असतो आणि छप्पर पळत असतं. या उचलीवर दगड ठेवला, म्हणजे गाडीचं वजन वाढवलं, तर ब्रेक, टायर आणि इंजिन तिघांवर भार येतो. स्पॉयलरचा, म्हणजे डिक्कीवरच्या या पट्टीचा, सगळा इतिहास म्हणजे वजन न वाढवता तो दगड कसा ठेवायचा, याचा शोध.

पहिली पन्नास वर्षं मात्र हा प्रश्न कोणी फारसा विचारलाच नाही. सगळं लक्ष रोधावर होतं. १९२०च्या दशकात अभियंते पॉल याराय यांनी थेंबाच्या आकाराच्या गाड्या आखल्या, पुढे गोल आणि मागे लांब निमुळत्या. रोध घटला, पण शेपूट एवढं लांब की गाडी वळवायची कुठे, हा प्रश्न. १९३०च्या दशकात जर्मनीतल्या श्टुटगार्टचे अभियंते वुनिबाल्ड काम यांनी दाखवलं की शेपूट मधेच सपाट कापलं तरी फायदा बराचसा टिकतो. हवा बेताच्या उताराला चिकटून येते. उतार तीव्र झाला की ती सुटते, मग पुढचं शेपूट असून नसून सारखं.

हा उतार किती, यात पुढे मोठी खोच निघाली. १९८४ साली एस. आर. अहमद आणि सहकाऱ्यांनी १०४४ मिलिमीटर लांबीच्या एका साध्या ठोकळ्यावर वाऱ्याच्या बोगद्यात मोजमापं घेतली. मागच्या काचेसारखा उतार १२.५ अंशांचा असताना रोध सर्वात कमी होता आणि ३० अंशांजवळ सर्वात जास्त. त्याहून खडा केला तर हवा एकदम सुटून रोध पुन्हा घसरला. ३० अंशांच्या आसपास उताराच्या दोन्ही कडांवरून दोन जोरकस भोवरे निघतात. ते रोधही वाढवतात आणि मागचा भाग वरही खेचतात. दिसायला सर्वात डौलदार असलेली उतरती पाठ ती हीच, आणि स्पोर्ट्स कारचा शाप तिच्यातच आहे.

पंख उलटा लावून गाडी दाबायची कल्पना मात्र जुनी. मे १९२८ मध्ये फ्रिट्झ फॉन ओपेल यांनी बर्लिनच्या आव्हुस मार्गावर रॉकेटवर चालणारी आरएके-२ ताशी २३८ किलोमीटरपर्यंत नेली, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना खाली दाबणारे पंख होते. १९५६ मध्ये मायकेल मे या तरुण अभियंत्याने पोर्शे ५५०च्या चालकाच्या डोक्यावर कोन बदलता येणारा पंख बसवून गाडी जर्मनीतल्या न्यूर्बर्गरिंग या शर्यतीच्या मार्गावर नेली, पण आयोजकांनी ती तशी शर्यतीत उतरू दिली नाही. कल्पना त्यानंतर दहा वर्षं पडून राहिली.

मधल्या काळात, १९६१ साली, फेरारी २४६ एसपीच्या मागच्या कडेवर एक उभी पट्टी आली. तिचं श्रेय चालक रिची गिंथर यांना दिलं जातं. हा पंख नव्हता, नुसता अडसर. विमानाच्या पंखावरची झडप उघडून उचल मारतात तिला स्पॉयलर म्हणतात, म्हणजे बिघडवणारा. नाव अगदी चपखल आहे, कारण पट्टी हवेचा गुळगुळीत प्रवाह मुद्दाम बिघडवते. तिच्या पुढच्या पृष्ठभागावर हवा तुंबते, दाब वाढतो आणि उचल मरते.

पंख आणि स्पॉयलर यांतला हा फरक दुकानदारही सर्रास विसरतात. स्पॉयलर बॉडीला चिकटून असतो, खालून हवा जात नाही. पंखाला खालून-वरून दोन्हीकडून स्वच्छ हवा लागते. ती मिळाली नाही तर पंख फक्त ओझं.

पंखाचं खरं काम टेक्सासच्या जिम हॉल यांनी १९६६च्या चॅपरल २ई गाडीवर दाखवलं. त्यांनी पंख उंच दांड्यांवर उभा केला आणि दांड्या बॉडीवर न टेकवता थेट मागच्या चाकांच्या हबवर, म्हणजे मधल्या तुंब्यावर, घेतल्या. त्यामुळे दाब स्प्रिंगला न दाबता सरळ टायरवर उतरला. गाडीला क्लच-पेडल नव्हतं, म्हणून रिकाम्या डाव्या पायाला एक पेडल दिलं. सरळ रस्त्यावर ते दाबलं की पंख आडवा होऊन रोध कमी, वळणाआधी सोडलं की पंख उभारून दाब जास्त. रोध आणि स्थैर्य यांतला सौदा चालकाच्या पायाखाली आला तो असा.

१९६८ मध्ये बेल्जियमच्या स्पा शर्यतीत फेरारी आणि ब्रॅबहॅम पंख घेऊन आल्या आणि फॉर्म्युला वनमध्ये उंच पंखांची चढाओढ लागली. ४ मे १९६९ला स्पेनमध्ये मोंजुइकच्या रस्त्यावर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांच्या लोटस गाड्यांचे पंख एकाच चढावाजवळ मोडले आणि दोन्ही गाड्या आदळल्या. कारण समजून घेण्यासारखं आहे. उंचवट्यावर गाडी हलकी होते, चाकं खाली लोंबतात, दांड्यांवरचा ताण उलटसुलट होतो आणि बारीक दांडी वाकते. दाब अचानक गेला की त्याच दाबाच्या भरवशावर घेतलेला वेग अंगावर येतो. त्याच महिन्यात मोनॅकोला उंच पंखांवर बंदी आली.

रस्त्यावरच्या गाड्यांत अमेरिकेची १९६९ची डॉज चार्जर डेटोना सर्वात भडक. मागचा पंख सुमारे ५८ सेंटिमीटर उंच, म्हणजे छतामागच्या गढूळ हवेच्या वर, शिवाय डिक्कीही उघडते. मुद्दा असा की तिला पुढे लांब टोकदार नाकही दिलं होतं. फक्त मागे दाब देऊन भागत नाही, पुढचा भागही सांभाळावा लागतो. २४ मार्च १९७०ला चालक बडी बेकर यांनी टॅलाडेगाच्या शर्यत-मार्गावर या गाडीने ताशी २०० मैलांचा, म्हणजे ३२२ किलोमीटरचा टप्पा ओलांडला.

पण स्पॉयलरचं गणित स्वच्छ दिसतं ते १९७२च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७मध्ये. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, पाठ उतरती, आणि वेगात मागची चाकं हलकी पडत. टिल्मन ब्रोडबेक आणि हेर्मान बुर्स्ट यांनी इंजिनच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा वर वळलेला ओठ बसवला. पोर्शेच्या आकड्यांनुसार कमाल वेगाला मागची उचल सुमारे १४५ किलोवरून ४२ किलोवर आली. गाडीचं वजन ९६० किलो, त्यातलं मागच्या चाकांवरचं वजन धरलं तर आधी जवळपास पाचवा-चौथा हिस्सा हवेत तरंगत होता. आणि गंमत ही की रोधाचा गुणांकही, म्हणजे गाडीचा आकार हवेला किती अडतो त्याचा आकडा, ०.४१वरून ०.४०वर उतरला. उतारावरून खाली खेचली जाणारी हवा ओठाशी वेळेवर सुटली, कडांचे भोवरे मंदावले, म्हणून दोन्ही फायदे एकदम झाले. असं क्वचितच जमतं. शर्यतीत उतरण्याच्या नियमासाठी ५०० गाड्या विकायच्या होत्या, १५८० बनल्या.

उलटं उदाहरण लॅम्बोर्गिनी काउंटॅकचं. तिचा मोठा पंख लोकांनी हौसेने घेतला. त्याने कमाल वेग ताशी सुमारे १६ किलोमीटरने कमी होतो, असं नेहमी सांगितलं जातं. तो पंख रुबाबाचाच होता, हे मान्य करायला हरकत नाही. जर्मनीत तर १९७३च्या बीएमडब्ल्यू ३.० सीएसएलचा मागचा पंख कायद्याने रस्त्यावर चालत नसे, म्हणून तो डिक्कीत ठेवून गाडी हाती दिली जाई, मालकाने नंतर बसवावा.

स्पॉयलर नसला तर काय होतं, ते ऑडी टीटीने दाखवलं. १९९८मध्ये आलेल्या या गाडीची पाठ साबणाच्या वडीसारखी गोल, कडा कुठेच नाही. हवा कुठे सुटावी हे ठरलेलंच नव्हतं आणि मागची उचल जास्त होती. जर्मनीत मोठ्या वेगात लेन बदलताना किंवा वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडताना मागचा भाग घसरून जीवघेणे अपघात झाले. ॲक्सिलरेटर सोडला की भार पुढच्या चाकांवर जातो. आधीच हलकी झालेली मागची चाकं मग पकड सोडतात आणि शेपूट पुढे यायला बघतं. कंपनीने गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर, स्थैर्य सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि सस्पेन्शनमध्ये बदल दिले. नुसत्या पट्टीवर भागलं नाही, हे लक्षात ठेवावं.

दरम्यान रस्त्यावरच्या गाड्यांचे पंख हलते होऊ लागले होते. १९८९च्या पोर्शे ९६४मध्येच स्पॉयलर ताशी ८० किलोमीटरला आपोआप वर येत असे. बुगाटी व्हेरॉनमध्ये ताशी २२० किलोमीटरला गाडी खाली बसते आणि पंख वर येतो, पण ताशी ४०० किलोमीटर ओलांडायचे तर वेगळी किल्ली फिरवून पंख जवळजवळ मिटवावा लागतो. जोरात ब्रेक दाबला की तोच पंख ५५ अंशांना उभा राहून हवेचा ब्रेक होतो. चॅपरलचं डावं पेडल शेवटी संगणकाच्या हाती गेलं.

आता आपल्याकडचं बघू. समृद्धी महामार्ग झाल्यापासून वर्धा, धामणगाव, कारंजा, मेहकर या पट्ट्यातल्या गाड्यांना पहिल्यांदा लांब सरळ काँक्रीट मिळालं. रस्ता ताशी १५० किलोमीटरसाठी आखलेला, मोटारीला मुभा १२०ची. त्यामुळे गावोगावी डिक्कीवर पंख दिसू लागले. १२०ला हिशेब असा: साध्या हॅचबॅकचा मागचा उचल-गुणांक ०.१ आणि समोरचं क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर धरलं तर मागची उचल सुमारे १४ किलो भरते. ९०० किलोच्या गाडीत मागच्या चाकांवर साधारण ३५० किलो असतात, म्हणजे चार टक्के. मागच्या सीटवर तुरीचं ५० किलोचं पोतं ठेवलं तर ती उचल तिपटीने भरून निघते. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते, म्हणून २४०ला हाच आकडा ५६ किलो होतो. पण तो वेग आपल्या गाडीचाही नाही आणि रस्त्याचाही नाही. रोध मात्र १२०लाही खरा असतो. चुकीच्या पंखाने गुणांक ०.३३चा ०.३५ झाला तर हवेचा रोध सहा टक्क्यांनी वाढतो आणि तो थेट टाकीतून जातो. उन्हाळ्यात ४५ अंशांना इथली हवा हिवाळ्याच्या पहाटेपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ असते. त्यामुळे रोध आणि पंखाचा दाब दोन्ही तेवढेच कमी होतात.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागे पंख लावला की बैलगाडी उलाळ झाल्यासारखं होतं. साट्यावर मागे ओझं टाकलं की जू वर उचलतं, तसंच. चाकांमधलं अंतर २४० सेंटिमीटर आणि पंख मागच्या चाकाच्या ८० सेंटिमीटर मागे असेल, तर ३० किलोच्या दाबाने मागे ४० किलो वाढतात आणि पुढचे १० किलो घटतात. स्टीअरिंग, ओढ आणि बरंचसं ब्रेकिंग पुढच्याच चाकांवर असतं. म्हणजे जिथे कमी करायला नको, तिथूनच कमी केलं.

तरीही बसवायचाच असेल तर चुका ठरलेल्या आहेत. दुहेरी टेप भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर लावली की धरत नाही. गाडी सकाळी सावलीत ठेवा, मेण आणि पॉलिश पूर्ण काढून अल्कोहोलने पुसा, दाबून लावा आणि तीन दिवस धुऊ नका, तेवढ्याने टेपला पूर्ण जोर येतो. डिक्कीचा पत्रा मिलिमीटरपेक्षा पातळ असतो. नुसत्या स्क्रूवर फायबरचा पंख थरथरून भोक मोठं करतो, म्हणून आतून रुंद पट्टी देऊन नट-बोल्ट लावा. भोकाच्या कडेला प्रायमर आणि वर रबरी वॉशर नसेल तर पहिल्या पावसाळ्यात डिक्कीत पाणी आणि दुसऱ्यात गंज. जड पंखाने झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे दबून डिक्कीचं झाकण डोक्यावर येतं. वरचा तिसरा ब्रेक लाइट झाकू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही, तेही पाहून घ्या.

जागा बरोबर आहे की नाही, हे दहा रुपयांच्या लोकरीत कळतं. सात-आठ सेंटिमीटरचे धागे छताच्या मागच्या कडेवर, काचेवर आणि डिक्कीवर चिकटपट्टीने लावा. मोकळ्या सरळ रस्त्यावर ७०च्या वेगाने गाडी न्या आणि दुसऱ्या लेनमधल्या गाडीतून मागे बसलेल्याने मोबाइलवर चित्रीकरण करावं. धागा मागे सरळ पडून राहिला तर हवा चिकटून आहे, गोल फिरला किंवा पुढे वळला तर ती सुटलेली आहे. उभ्या पाठीच्या हॅचबॅकवर बहुतेक वेळा छताच्या कडेपर्यंतचे धागे सरळ दिसतात आणि काचेवरचे नाचतात. कंपनीने छताच्या कडेला दिलेला छोटा ओठ त्याच जागी असतो, आणि दुकानातला पंख काचेखाली, नाचणाऱ्या धाग्यांच्या मधोमध बसवला जातो.