व्यापारी इमारतींतील ऊर्जा कार्यक्षमता (खान्देश)

दुकाने, कार्यालये, दवाखाने, हॉटेले, शीतगृहे अशा इमारतींत गारवा, उजेड किंवा सेवा न घटवता कमी विजेत काम भागवणे, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता. मोजण्याची रीत सोपी आहे. वर्षभरात जळालेली युनिटे इमारतीच्या क्षेत्रफळाने भागली, की दर चौरस मीटरमागचा ऊर्जा कामगिरी निर्देशांक निघतो. मात्र हा आकडा एकाच धंद्याच्या आणि एकाच हवामानातल्या इमारतींमध्येच ताडून पाहावा. जळगावची सराफी पेढी नाशिकच्या बँकेशेजारी मांडून हाती काही लागत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. भुसावळचे ऊन तर प्रसिद्धच. जुन्या धाब्याच्या घरांचे मातीचे जाड छप्पर आणि रुंद भिंती दुपारचा ताप आत पोचायला रात्र करीत. आजच्या व्यापारी संकुलात काँक्रीटचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि दिवेलागणीनंतरही आत उष्णता सोडत राहतो. वरच्या मजल्यावरचा गाळेधारक संध्याकाळी एसी लावतो, तेव्हा तो मुख्यतः या स्लॅबशीच झुंजत असतो. त्यामुळे भारी स्टारचा एसी घेण्याआधी गच्चीवर पांढरा परावर्तक लेप किंवा चायना मोझॅक (पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर) करणे शहाणपणाचे. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो. पश्चिमेचे ऊन तिरपे, छज्ज्याखालून सरळ आत येणारे. तिथे उभ्या पट्ट्या किंवा जाळी हवी. रस्ता पश्चिमेला म्हणून दर्शनी बाजू पूर्ण काचेची करण्याची हौस इथे महागात पडते.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो आणि एसीच्या मानाने वीज फारच कमी खातो. पाऊस पडून हवा दमट झाली, की तो निरुपयोगी. पंख्यांतही फरक आहे: जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा ३० च्या आसपास.

रावेर-सावदा पट्ट्यातील केळी पिकवण्याचे रायपनिंग चेंबर हा खास इथला प्रकार. आत साधारण १६ ते १८ अंश तापमान आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखून इथिलीन वायू सोडतात. बाहेर ४४ अंश असताना हा फरक पफ पॅनेलच्या (आत उष्णतारोधक फोम भरलेल्या पत्र्यांच्या) भिंती पेलतात. गळती होते ती दाराच्या रबरी पट्टीतून. दार लावताना फटीत कागद धरावा. तो अलगद ओढून निघाला, तर पट्टी बदलण्याजोगी झाली. शिवाय पिकणारे केळे स्वतःच उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यामुळे चेंबरची हवा अधूनमधून बदलावीच लागते. हे काम आणि नव्या मालाची भरणी, दोन्ही पहाटे उरकली तर कॉम्प्रेसरवरचा भार बराच हलका होतो.

२००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता (ईसीबीसी) आली, २०१७ मध्ये ती सुधारली गेली. १०० किलोवॅट जोडभार (जोडलेल्या सर्व उपकरणांची एकूण क्षमता) किंवा १२० केव्हीए करारमागणी (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) असलेल्या इमारतींपासून ती लागू होते. राज्यांना ही मर्यादा खाली आणता येते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या खोली-एसींत २४ अंश हे मूळ तापमान, म्हणजे एसी चालू करताच आपोआप लागणारे तापमान, ठरवून दिले आहे. छोट्या गाळा-संकुलांपर्यंत संहिता क्वचितच पोचते. तिथली खरी अडचण वेगळी आहे: स्लॅब बिल्डर टाकतो आणि बिल गाळेधारक भरतो. गच्ची सामाईक असली, तर लेपाच्या वर्गणीचा विषय निघताच तळमजल्यावाले हात आखडता घेतात, कारण त्यांच्या डोक्यावर ऊन पडत नाही.