कंपायलरचा फ्लॅग की लिंकरचा? आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

आमच्या टीममधल्या एका नवीन मुलाने सी प्रोग्राममध्ये पॉव हे घातांक काढणारं फंक्शन वापरलं. त्याच्या मॅकवर बिल्ड सुरळीत झालं, लिनक्सवर मात्र एरर आली: अनडिफाइन्ड रेफरन्स टू पॉव. यावरचा उतारा कुठेही शोधला तरी एकच मिळतो, मायनस एल एम हा फ्लॅग, म्हणजे गणिताची ‘एम’ ही लायब्ररी जोडा असं सांगणारा पर्याय. त्याने तो सीमेकच्या (बिल्डच्या कमांड तयार करणाऱ्या साधनाच्या) ‘सीमेक सी फ्लॅग्ज’ या व्हेरिएबलमध्ये टाकला. मॅक पास, विंडोज पास, आणि ज्या लिनक्ससाठी हा खटाटोप केला तिथे पुन्हा तीच एरर.

“दादा, फ्लॅग तर दिलाय. ही बघा कमांड, दिसतोय ना?”

दिसत होता, खरंच. चूक त्याच्या पलीकडे होती.

(बोलताना म्हणतो तसेच फ्लॅग लिहितोय. छोटा एल म्हणजे लायब्ररीचं नाव, मोठा एल म्हणजे लायब्ररीचा फोल्डर, मोठा आय म्हणजे हेडरचा, म्हणजे फंक्शनांच्या घोषणा असलेल्या फाइलींचा, फोल्डर. लोअरकेस एल आणि कॅपिटल आय काही फॉन्टमध्ये अगदी सारखे दिसतात, त्यामुळे कॉपी न करता बघून टाइप करणाऱ्यांचे किती तास गेले असतील कोण जाणे.)

या गोंधळाचं मूळ जीसीसी या नावात आहे. आपण त्याला कंपायलर म्हणतो, पण जीसीसी ही कमांड म्हणजे मुकादम. स्वतः फार काही करत नाही, हाताखालच्यांना कामं वाटून देतो. सीसी-वन सोर्सचं असेंब्लीत रूपांतर करतो, एएस त्याची ऑब्जेक्ट फाइल (मशीन कोडचा सुटा तुकडा, डॉट ओ) बनवतो आणि शेवटी एलडी नावाचा लिंकर सगळ्या ऑब्जेक्ट फाइली व लायब्रऱ्या जोडतो. मुकादमाला तीन हॅश लावून विचारलं (मायनस, हॅश, हॅश, हॅश) तर तो कोणाला काय सांगणार होता ते सगळं छापून दाखवतो, काम मात्र करत नाही. क्लँगचंही तसंच. दोन्ही टप्प्यांना आपण एकाच नावाने हाक मारतो, म्हणून दोघांचे फ्लॅग एकाच पिशवीत पडतात. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सीमध्ये सीएल आणि लिंक हे दोन वेगळे प्रोग्राम समोर दिसतात आणि एररच्या क्रमांकावरूनच कळतं कोण बोलतंय: सी १०८३ म्हणजे कंपायलरला हेडर सापडलं नाही, एलएनके २०१९ म्हणजे लिंकरला सिंबॉल (फंक्शनचं किंवा व्हेरिएबलचं नाव) सापडला नाही. विंडोजला नावं ठेवायची आपल्याला सवय आहे, पण ही सोय मला मनापासून आवडते.

कंपायलर एका वेळी एकच सोर्स फाइल बघतो. हेडरमध्ये ‘पॉव नावाचं फंक्शन आहे, दोन डबल घेतं आणि एक डबल देतं’ एवढं वाचलं की त्याचं समाधान होतं. लग्नपत्रिकेवर मामांचं नाव छापलेलं आहे, झालं. मामा मांडवात आलेत की नाही हे लिंकर बघतो, आणि तेही एकदाच, शेवटी. मोठा आय पत्रिका कुठे ठेवल्यात ते सांगतो. मोठा एल आणि छोटा एल मामांना कुठून आणायचं ते सांगतात.

ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर ही फारकत स्वच्छ दिसते. इंटेल मॅकवर होमब्रू (लायब्रऱ्या बसवून देणारा पॅकेज मॅनेजर) आपलं सामान यूएसआर लोकलमध्ये ठेवायचा आणि तिथली हेडरं क्लँगला न सांगता सापडायची. एम-वन मॅक २०२० मध्ये आले, तिथे होमब्रूचं बिऱ्हाड ऑप्ट होमब्रूमध्ये हललं. मग हेडर सापडत नाही म्हणून मोठा आय द्यायचा, कंपाइल पास होतं, लगेच लिंकर म्हणतो लायब्ररी सापडत नाही. लोकांना वाटतं पहिला फ्लॅग लागलाच नाही. तो लागला, त्याचं काम झालं. आता मोठ्या एलची पाळी. पीकेजी-कॉन्फिगला (लायब्ररीसाठी लागणारे फ्लॅग सांगणाऱ्या साधनाला) म्हणूनच दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात: सीफ्लॅग्ज काय आणि लिब्ज काय. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी चिकटवलं तर जीसीसी चकार शब्द काढत नाही. कंपाइलच्या कमांडमध्ये आलेला छोटा एल तो मुकाट्याने बाजूला ठेवतो. क्लँग निदान वॉर्निंग देतो, ‘लिंकर इनपुट अनयूज्ड’. आमच्या त्या मुलाच्या मॅकवर प्रत्येक फाइलमागे ही वॉर्निंग येत होती. “वॉर्निंगच होती ना,” तो म्हणाला.

आता त्याचा फ्लॅग दिसत असून का लागला नाही ते बघू. सीमेक सी फ्लॅग्जमधलं सगळं सीमेक कंपाइलच्या कमांडमध्ये घालतं आणि लिंकच्याही. त्यामुळे फ्लॅग लिंकरपर्यंत पोचला होता, पण रांगेत पुढे, ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी. साधारण अशी ओळ होती: जीसीसी, मायनस एल एम, मग मेन डॉट ओ, मग आउटपुटचं नाव. ग्नूचा लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. डॉट ए लायब्ररी (ऑब्जेक्ट फाइलींचा गठ्ठा) समोर आली की त्या क्षणी ज्या सिंबॉलची उधारी बाकी आहे तेवढेच तुकडे त्यातून उचलतो आणि पुढे जातो, मागे वळून बघत नाही. शेअर्ड लायब्ररीच्या (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी, एम तशीच) बाबतीत तो एरवी एवढा कडक नसतो, पण उबुंटूने ११.१० पासून ‘ॲज नीडेड’ हा लिंकर फ्लॅग डिफॉल्ट केला: ज्या लायब्ररीची गरज अजून कोणी दाखवली नाही ती सोडून द्या. एल एम वाचला तेव्हा मेन डॉट ओ यायचा होता, पॉव कोणीच मागितलं नव्हतं. लायब्ररी गेली. पुढच्या क्षणी मेन डॉट ओ आला आणि पॉव मागू लागला.

मॅकवर गणिताची फंक्शनं लिबसिस्टिममध्येच आहेत आणि ती आपोआप जोडली जाते, त्यामुळे एल एम दिला काय, न दिला काय. व्हिज्युअल सीमध्ये ती सी रनटाइममध्येच, म्हणजे आपोआप जोडल्या जाणाऱ्या मूळ लायब्ररीतच, येतात. तिथे सीएलने ‘डी ९००२, अनोळखी पर्याय, दुर्लक्ष करतोय’ एवढं म्हणून विषय संपवला होता. म्हणजे तीनपैकी दोन ठिकाणी फ्लॅगशिवायही बिल्ड होत होतं आणि आमचा गडी समजत होता की निदान तिथे तरी फ्लॅग बरोबर लागलाय.

वर त्याच्या चाचणीच्या प्रोग्रामनेही दगा दिला. लिनक्सवर त्याने पाच ओळींचा प्रोग्राम करून पाहिला, त्यात पॉव २, १० असे आकडे थेट लिहिले. एल एमशिवायही तो चालला! कारण असे ठरलेले आकडे दिसले की जीसीसी १०२४ हे उत्तर कंपाइल करतानाच काढतो आणि पॉवला हाकच मारत नाही. आकड्यांच्या जागी वापरकर्त्याकडून घेतलेला व्हेरिएबल टाकला की एरर परत.

साध्या मेकफाइलमध्येही (मेक या जुन्या बिल्ड साधनाच्या फाइलीत) हेच दुखणं आहे. मेकच्या अंगभूत नियमात एलडीफ्लॅग्ज ऑब्जेक्टच्या आधी येतात आणि एलडीलिब्ज नंतर. मोठा एल पहिल्यात, छोटा एल दुसऱ्यात. सगळं एलडीफ्लॅग्जमध्ये कोंबलेल्या मेकफाइली अजूनही ढिगाने सापडतात. सीपीपीफ्लॅग्ज म्हणजे सी प्लस प्लसचे फ्लॅग नव्हेत, प्रीप्रोसेसरचे. सी प्लस प्लसचे ते सीएक्सएक्सफ्लॅग्ज. ही नावं ज्याने ठेवली त्याला एकदा भेटायचंय.

इथपर्यंत ज्याची एरर त्याचाच फ्लॅग, एवढं तरी खरं होतं. खरी डोकेदुखी पुढे आहे: ओरडतो लिंकर, औषध मात्र कंपायलरला द्यायचं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी जितकी इथे दिली जाते तितकी कुठेच नाही.

जीसीसी १० हे २०२० मध्ये आलं आणि वर्षानुवर्षं बिल्ड होत आलेले सी प्रोजेक्ट लिंकिंगला कोसळले, ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून. लोक लिंकरचे पर्याय शोधत बसले. झालं होतं असं की कुठल्याशा हेडरमध्ये इंट डीबग लेव्हल असा ग्लोबल व्हेरिएबल एक्स्टर्न न लावता लिहिलेला, आणि ते हेडर दहा फाइलींत. पूर्वी कंपायलर असे व्हेरिएबल ‘कॉमन’ म्हणून ठेवायचा आणि लिंकर दहाचा एक करायचा. जीसीसी १० ने ते डिफॉल्ट उलटवलं. एफ-कॉमन हा फ्लॅग कंपायलरला दिला की बिल्ड लगेच उठून बसतं. तात्पुरतं ठीक आहे, पण हेडरमध्ये एक्स्टर्न लावून व्याख्या एकाच फाइलीत ठेवायला पाच मिनिटं लागतात, तेच करावं.

तसंच पीआयसीचं, म्हणजे मेमरीत कुठल्याही पत्त्यावर चालू शकणाऱ्या कोडचं. उबुंटूने १६.१० मध्ये ६४ बिट इंटेलवर पीआयई (पूर्ण प्रोग्रामच तसा बनवणं) डिफॉल्ट केलं. आता कुठून तरी आणलेली जुनी डॉट ए फाइल जोडायला गेलात की लिंकर ‘रीलोकेशन आर एक्स ८६’ वगैरे भीतीदायक काही छापतो, पण वाक्याच्या शेवटी स्वतःच सांगतो: एफ-पिक किंवा एफ-पीआयई लावून पुन्हा कंपाइल करा. शेवटपर्यंत वाचायचं एवढंच. मॅकवर असा कोड डिफॉल्टच असल्याने तिथला माणूस ही एरर कधी बघत नाही. विंडोजवर त्याची जागा रनटाइम घेतं: तुमचा सी प्लस प्लस कोड स्लॅश एमडीने (रनटाइम बाहेरच्या डीएलएलमधून) आणि लायब्ररी स्लॅश एमटीने (रनटाइम आतच जोडून) कंपाइल झाली असेल तर एलएनके २०३८ येतो, रनटाइम लायब्ररी जुळत नाही म्हणून. लिंकरला काहीही दिलं तरी ते सुटत नाही. दोन्हींपैकी एक पुन्हा कंपाइल करायची.

सी प्लस प्लसमध्ये सिंबॉलच्या नावात सीएक्सएक्स ११ अशी अक्षरं दिसली तर आणखी एक संशयित: जीसीसी ५ मध्ये स्ट्रिंगची अंतर्गत रचना बदलली, तेव्हापासून जुन्या रचनेने बनवलेली लायब्ररी नव्या कोडला जुळत नाही. लायब्ररी समोर असते, फंक्शन त्यात असतं, फक्त नाव वेगळं.

आणि काही फ्लॅग दोघांनाही लागतात. ॲड्रेस सॅनिटायझर (थोडक्यात असान) घ्या, मेमरीच्या चुका प्रोग्राम चालताना पकडणारा. फक्त कंपाइलला दिला तर लिंकर असानच्या नावाने सुरू होणारे सिंबॉल सापडत नाहीत म्हणून थांबतो. निदान कळतं तरी. फक्त लिंकला दिला तर बिल्ड होतं, प्रोग्राम चालतो, आणि ॲरेच्या बाहेर लिहिलं तरी तो ते पकडत नाही, कारण कोडमध्ये तपासणी घातलेलीच नसते. गप्प राहणारी ही चूक मला सगळ्यात घातक वाटते. पीथ्रेड (थ्रेड वापरण्यासाठी), एलटीओ (लिंकिंगच्या वेळचं ऑप्टिमायझेशन), ओपनएमपी (काम अनेक कोअरवर वाटण्यासाठी) याच पंक्तीतले. ओपनएमपीत मॅकने आणखी पाचर मारलीय: ॲपलचा क्लँग एफ-ओपनएमपी ऐकूनच घेत नाही, एक्स-प्रीप्रोसेसर लावून मागच्या दाराने द्यावा लागतो आणि लिंकिंगला एल ओम्प वेगळा. असे फ्लॅग हाताने लिहू नयेत. सीमेकचं ओपनएमपीचं तयार टार्गेट जोडावं, कोणाला काय द्यायचं ते बघून घेतं.

सीमेकमध्ये या वाटण्या आता नीट आहेत: टार्गेट कंपाइल ऑप्शन्स, टार्गेट लिंक ऑप्शन्स (हे ३.१३ पासून, म्हणजे २०१८) आणि टार्गेट लिंक लायब्ररीज. लायब्ररीचं नाव नेहमी तिसऱ्यात, कारण तेच ऑब्जेक्टच्या नंतर येतं. एक खोडी मात्र लक्षात असू द्या. एन्व्हायर्नमेंटमधला सीफ्लॅग्ज सीमेक फक्त पहिल्या कॉन्फिगरला वाचतं, मग कॅशमधलंच वापरतं. तुम्ही टर्मिनलमध्ये एक्स्पोर्ट करत राहता आणि ढिम्म काही हलत नाही. ३.२४ पासून ‘फ्रेश’ हा पर्याय आहे, त्याआधीच्या आवृत्त्यांत बिल्ड फोल्डर उडवायचा.

तर त्या मुलाचं काय झालं? मी त्याला म्हटलं, लिंकची खरी ओळ दाखव. त्याने कंपाइल कमांड्सची जेसन फाइल उघडली. तिच्यात नावाप्रमाणे फक्त कंपाइलच्या ओळी असतात, लिंकिंगची एकही नाही. तिथे कितीही शोधलं तरी हाती काही लागणार नव्हतं. मेकफाइल जनरेटर असेल तर प्रत्येक टार्गेटच्या फोल्डरमध्ये लिंक डॉट टीएक्सटी असते, निंजा (मेकसारखंच बिल्ड चालवणारं साधन) असेल तर मायनस व्ही लावून चालवायचं. लिंक डॉट टीएक्सटी उघडल्यावर त्याला एल एम मेन डॉट ओच्या डावीकडे बसलेला दिसला, आणि मला पुढे काही सांगावं लागलं नाही. सी फ्लॅग्जमधून काढून त्याने एम हे नाव टार्गेट लिंक लायब्ररीजमध्ये टाकलं. लिनक्स हिरवं, मॅक हिरवा.

दहा मिनिटांनी विंडोज लाल. एलएनके ११०४: एम डॉट लिब ही फाइल उघडता येत नाही.

या वेळी तो माझ्याकडे आला नाही. फाइंड लायब्ररीने एम शोधायचं आणि सापडलं तरच जोडायचं, अशा तीन ओळी त्याने स्वतःच लिहिल्या.