भूमिगत कॅमेरा
भूमिगत कॅमेरा (डच : दे ओंडरखेडोकन कामेरा). दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त नेदरलँड्समध्ये गुप्तपणे छायाचित्रण करणारा ॲम्स्टरडॅममधील गट. मे १९४० मध्ये देश जर्मनीच्या ताब्यात गेला. या गटाचे कार्य मात्र मुख्यतः १९४४-४५ मधील आहे.

जर्मनीतून आश्रयास आलेले ज्यू चित्रपट-छायालेखक फ्रिट्स काह्लेनबेर्ग आणि डच सेनाधिकारी टोनी फान रेंटरगेम हे गटाचे प्रवर्तक मानले जातात. स्थापना साधारणतः १९४४ मधील धरली जाते. परंतु कास ओर्टहाउस, चार्ल्स ब्रायर आदी सदस्य त्याआधीपासून स्वतंत्रपणे छायाचित्रे टिपत होते. त्यामुळे ही शिस्तबद्ध संघटना नसून प्रतिकार चळवळीशी जोडलेल्या व्यावसायिकांचे सैल जाळे होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘भूमिगत कॅमेरा’ हे नावही नंतरचे असून मुक्तीनंतर, १९४५ मध्ये, ॲम्स्टरडॅममध्ये भरलेल्या प्रदर्शनामुळे ते रूढ झाले. सुरुवातीला गट स्वतःला ‘नेदरलँड्स अभिलेखागार’ अशा अर्थाच्या नावाने ओळखे. जर्मन ताब्यातील परिस्थितीचा पुरावा जमवणे आणि लंडनमधील निर्वासित डच सरकारपर्यंत देशाची अवस्था पोहोचवणे, हे उद्दिष्ट या पहिल्या नावातून अधिक स्पष्ट होते.

लष्करी ठिकाणांच्या छायाचित्रणावर आधीपासूनच निर्बंध होते. नोव्हेंबर १९४४ मध्ये घराबाहेरील छायाचित्रणावरच बंदी आली. रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याचा दृश्यदर्शक वरून पाहता येत असल्याने तो डोळ्याला लावावा लागत नसे. ब्रायर यांनी तो सायकलच्या पिशवीत बसवला होता. इतरांनी हातपिशवी किंवा कोट यांचा आडोसा घेतला. अनेक चित्रांतील खालचा, तिरपा दृष्टिकोन आणि कडेने कापलेल्या आकृती यांचे श्रेय सहसा या लपवाछपवीला दिले जाते. ते अंशतःच खरे आहे. ओर्टहाउस आणि गटातील छायाचित्रकार एमी आंद्रीसे हे १९३० च्या दशकातील, तिरप्या कोनांचे प्रयोग करणाऱ्या ‘नव्या छायाचित्रणा’च्या व सामाजिक वृत्तचित्रणाच्या परंपरेत घडले होते. तिरकी रचना त्यांनी युद्धापूर्वीच आत्मसात केली होती. बंदीने तिला वेगळे प्रयोजन दिले.

संग्रहात जर्मन सैनिक, धरपकड व प्रतिकारकांची शस्त्रे आहेत. तरी त्याचा गाभा म्हणजे १९४४-४५ चा ‘भूक-हिवाळा’. सप्टेंबर १९४४ मधील रेल्वे संपानंतर जर्मनांनी पश्चिम भागाकडील अन्नवाहतूक रोखली. पुढे ती काही अंशी सुरू झाली, पण कडाक्याच्या थंडीने कालवे गोठले. सुमारे २०,००० माणसे दगावली. सार्वजनिक स्वयंपाकघरांपुढील रांगा, ट्रामच्या रुळांमधील लाकडी ठोकळे उपसणारी मुले आणि हद्दपार झालेल्या ज्यूंच्या रिकाम्या घरांतून जळणासाठी काढून नेलेले लाकूड या चित्रांत दिसते. आंद्रीसे यांचे हातात भांडे घेतलेल्या कृश मुलाचे छायाचित्र यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. आंद्रीसे स्वतः ज्यू होत्या आणि काही काळ लपून राहिल्या होत्या, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या धाडसाचे मोल कळत नाही.

राजधानीबाहेर हेग येथे मेनो हौझिंगा यांनी असेच काम केले. गटातील क्राइन ताकोनिस १९५० च्या सुमारास मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेत गेले. ओर्टहाउस यांचा संग्रह रॉटरडॅमच्या डच छायाचित्र संग्रहालयात, तर आंद्रीसे यांचा लायडन विद्यापीठात आहे.