ग्रँट, क्रिस्टीन

(१९३६ – ३१ डिसेंबर २०२१). अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या महिला क्रीडा विभागाच्या पहिल्या संचालक. १९७३ ते २००० अशी सलग २७ वर्षे त्या या पदावर होत्या. शिक्षणसंस्थांमधील लिंगभेदाला बंदी घालणारा ‘टायटल नाईन’ हा कायदा खेळाच्या मैदानावर खऱ्या अर्थाने लागू व्हावा, यासाठी झगडणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते.

आपल्याकडे विद्यापीठाचा क्रीडा संचालक म्हटला की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वेळापत्रक, संघनिवड आणि प्रवासभत्त्याच्या फायली डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत मात्र हे पद म्हणजे जवळजवळ एका मोठ्या उद्योगाचा कारभार आहे. स्टेडियम भरवणे, तिकिटे खपवणे, प्रशिक्षक नेमणे व काढणे, शिष्यवृत्त्या वाटणे, दूरचित्रवाणीचे पैसे आणि देणगीदार सांभाळणे हे सगळे त्यात येते. शिवाय तिथे पैसा येतो तो प्रामुख्याने पुरुषांच्या फुटबॉलमधून (म्हणजे हाताने खेळायच्या अमेरिकन फुटबॉलमधून), त्यामुळे निर्णयाच्या चाव्याही त्याच लोकांच्या हाती राहत आल्या आहेत.

ग्रँट यांचा जन्म स्कॉटलंडमधील बोनेस या गावचा. तिथेच शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन त्या १९६१ मध्ये कॅनडाला गेल्या आणि हॉकीच्या प्रशिक्षक म्हणून नावारूपाला आल्या. भारतीय वाचकाला नवल वाटेल, पण अमेरिकी विद्यापीठांत मैदानी हॉकी हा मुलींचाच खेळ मानला जातो; मुलांचे अधिकृत आंतरविद्यापीठ अजिंक्यपद तिथे नाहीच. उच्च शिक्षणासाठी ग्रँट आयोवाला आल्या आणि तिथेच राहिल्या.

टायटल नाईनवर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जून १९७२ मध्ये सही केली. या कायद्याचे मूळ वाक्य इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचे आहे आणि त्यात खेळ हा शब्दही नाही. खेळाला तो लागू होतो हे ध्यानात येताच पुरुषांच्या क्रीडासंघटनांचे धाबे दणाणले. उत्पन्न देणारे खेळ कायद्यातून वगळावेत अशी दुरुस्ती सिनेटर जॉन टॉवर यांनी १९७४ मध्ये सुचवली, ती टिकली नाही. विद्यापीठीय खेळांवर हुकमत असलेली एनसीएए ही संघटना तर सरकारविरुद्ध न्यायालयात गेली. कायद्याचे नियम ठरवण्याच्या कामात सरकारने ग्रँट यांचा सल्ला घेतला, संसदेच्या समित्यांपुढेही त्यांनी साक्षी दिल्या. भाषणात आवेश कमी आणि आकडे जास्त, ही त्यांची पद्धत. मुलींना खेळात रस नसतो, या युक्तिवादाला त्या शिष्यवृत्त्या, प्रवासखर्च आणि प्रशिक्षकांचे पगार यांच्या तक्त्याने उत्तर देत.

महिलांचे विद्यापीठीय खेळ त्या काळी एआयएडब्ल्यू ही महिलांनीच चालवलेली वेगळी संघटना पाहत असे. १९८०–८१ मध्ये ग्रँट तिच्या अध्यक्ष होत्या, आणि नेमक्या त्याच काळात एनसीएएने महिलांची अजिंक्यपदे स्वतः भरवण्याचा ठराव केला. संघांचा खर्च उचलण्याची ताकद तिच्याकडे होती, एआयएडब्ल्यूकडे नव्हती. विद्यापीठे भराभर तिकडे वळली. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली एनसीएएविरुद्ध लढवलेला खटलाही एआयएडब्ल्यू हरली आणि बंद पडली. या पराभवाची किंमत पुढच्या आकड्यांत दिसते. १९७२ मध्ये मुलींच्या संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. नंतर हे प्रमाण निम्म्याच्याही खाली आले. पगार वाढले, प्रतिष्ठा वाढली, तशा त्या जागा पुरुषांनी घेतल्या.

आयोवात मात्र महिलांचा विभाग वेगळा राहिला. टेक्सास, टेनेसी अशा मोजक्याच मोठ्या विद्यापीठांत ही व्यवस्था टिकली होती. बास्केटबॉलसाठी ग्रँट यांनी १९८३ मध्ये सी. व्हिव्हियन स्ट्रिंगर यांना प्रशिक्षक म्हणून आणले. नंतर जे झाले ते मुलींच्या खेळाला प्रेक्षक नसतात म्हणणाऱ्यांची तोंडे बंद करणारे होते. ३ फेब्रुवारी १९८५ रोजी ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला कार्व्हर-हॉकआय अरीनात २२,१५७ लोक आले. बसायची सोय साधारण साडेपंधरा हजारांची! पायऱ्या, मार्गिका, सगळे गच्च. अग्निसुरक्षेचे नियम धाब्यावर बसवल्याबद्दल ग्रँट यांना ताकीद मिळाली. आयुष्यात मिळालेल्या मानपत्रांपेक्षा तिचेच कौतुक त्यांना अधिक होते. १९८६ मध्ये हॉकी संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, तर १९९३ मध्ये बास्केटबॉल संघ देशातल्या शेवटच्या चारांत पोहोचला. विद्यापीठाचे हॉकी मैदान आज ग्रँट फील्ड या नावाने ओळखले जाते.

२००० मध्ये निवृत्त होता होता त्यांनी लिसा ब्लुडर यांना बास्केटबॉल प्रशिक्षक नेमले. पुढे केटलिन क्लार्क ही विख्यात बास्केटबॉलपटू घडली ती ब्लुडर यांच्याच हाताखाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये किनिक या फुटबॉल स्टेडियमवर खेळवलेल्या महिला बास्केटबॉलच्या प्रदर्शनीय सामन्याला ५५,६४६ प्रेक्षक जमले. ग्रँट यांच्या वारशाबद्दल बोलताना बहुतेक जण इथेच थांबतात, पण ते अर्धेच चित्र झाले.

त्या निवृत्त झाल्यावर दोन्ही विभाग एक झाले आणि सूत्रे पुरुष संचालकाकडे गेली. २०१४ मध्ये हॉकी प्रशिक्षक ट्रेसी ग्रीसबॉम यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्या व क्रीडा विभागातील वरिष्ठ अधिकारी जेन मेयर यांच्या भेदभावाच्या दाव्यांपोटी २०१७ मध्ये विद्यापीठाला ६५ लाख डॉलर मोजावे लागले. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, विद्यापीठाने मुलींचा जलतरण संघ बंद करायचे ठरवले. खेळाडूंनी टायटल नाईनचाच आधार घेऊन दावा ठोकला, न्यायालयाने मनाई हुकूम दिला आणि संघ परत सुरू झाला. तडजोडीच्या ओघात महिला कुस्तीचीही भर पडली. ग्रँट यांच्या मृत्यूच्या काही महिने आधी, सप्टेंबर २०२१ मध्ये, ही घोषणा झाली. त्या कुस्ती संघाने पहिल्याच हंगामात, मार्च २०२४ मध्ये, राष्ट्रीय विजेतेपद पटकावले.