सुप्रीम्स गायिकात्रयीची दूरचित्रवाणी सादरीकरणे

सुप्रीम्स हा अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहरात घडलेला आफ्रिकन-अमेरिकन गायिकांचा गट होता. त्याने १९६४ ते १९७० या काळात अमेरिकन व ब्रिटिश दूरचित्रवाणीवर केलेल्या गायन-नृत्याच्या सादरीकरणांचा परिचय या नोंदीत दिला आहे. अमेरिकेच्या लोकप्रिय संगीतात या गटाची गाणी बारा वेळा विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि त्या गाण्यांचे मोल ध्वनिमुद्रिकांवरूनही कळते. तथापि हा गट तीन गायिकांचा होता, तिघींचे स्वर, हालचाली आणि उपस्थिती मिळून त्याची ओळख बनली होती, ही गोष्ट ध्वनिमुद्रिकांपेक्षा दूरचित्रवाणीच्या जुन्या चित्रफितींतच अधिक स्पष्टपणे दिसते. या चित्रफितींचे महत्त्व त्यामुळे केवळ स्मरणरंजनापुरते राहत नाही.

फ्लॉरेन्स बॅलर्ड, मेरी विल्सन, डायना रॉस आणि बेटी मॅक्ग्लोन या शाळकरी मुलींनी १९५९ मध्ये ‘प्राइमेट्स’ या नावाने गायला सुरुवात केली. ब्रूस्टर-डग्लस या डेट्रॉइटमधील सरकारी गृहवसाहतीशी त्यांचे बालपण जोडलेले होते. जानेवारी १९६१ मध्ये बेरी गॉर्डी यांच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण संस्थेशी करार होताना बॅलर्डने नवे नाव निवडले. मॅक्ग्लोनच्या जागी आलेली बार्बरा मार्टिनही १९६२ मध्ये बाहेर पडली आणि गट तिघींचा झाला. पुढची दोन वर्षे यश न लाभल्यामुळे संस्थेतच त्यांना ‘नो-हिट सुप्रीम्स’ असे चिडवले जाई. १९६४ च्या उन्हाळ्यात डिक क्लार्क यांच्या फिरत्या संगीतमेळ्यात त्या निघाल्या, तेव्हा कलाकारांच्या यादीत त्यांचे नाव अगदी तळाशी होते. ‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ हे हॉलंड-डोझियर-हॉलंड या त्रयीने रचलेले गाणे ऑगस्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले आणि दौरा संपेपर्यंत तेच नाव यादीच्या वर आले. त्यानंतरची चार गाणीही ओळीने पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

दूरचित्रवाणीवर दिसणारी त्यांची सफाई उपजत नव्हती, ती कसून घडवलेली होती. मोटाउनमध्ये कलाकारांच्या जडणघडणीसाठी स्वतंत्र विभाग होता. मॅक्सिन पॉवेल तेथे चालणे, बसणे, बोलणे, मायक्रोफोन हाती धरणे अशा गोष्टींचे धडे देत. चॉली ॲटकिन्स हे अनुभवी टॅप नर्तक पदन्यास बसवत. मॉरिस किंग साथसंगत आणि रंगमंचीय गायनाची तयारी करून घेत. या शिक्षणावर पुढे कृत्रिमतेचा आक्षेप घेतला गेला, परंतु त्या काळच्या परिस्थितीचा विचार केल्याशिवाय त्याचे मूल्यमापन करणे अन्यायाचे ठरेल. १९६२ मध्ये मोटाउनच्या कलाकारांचा ताफा दक्षिणेकडील राज्यांत फिरत असताना अलाबामातील बर्मिंगहॅम येथे त्यांच्या बसवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. कृष्णवर्णीय कलाकारांना राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर मिळणारी मोजकी मिनिटे किती मोलाची आहेत, याची जाणीव या शिक्षकांना आणि त्या मुलींना पुरेपूर होती.

२७ डिसेंबर १९६४ या रविवारी सुप्रीम्स ‘द एड सलिव्हन शो’मध्ये पहिल्यांदा अवतरल्या आणि त्यांनी ‘कम सी अबाउट मी’ हे गाणे सादर केले. सीबीएस वाहिनीवर दर रविवारी रात्री आठ वाजता न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या नाट्यगृहांसाठी प्रसिद्ध रस्त्यावरील स्टुडिओ ५० मधून होणारा हा विविधरंजनाचा कार्यक्रम अमेरिकन कुटुंबांच्या साप्ताहिक दिनक्रमाचा भाग होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीटल्सचे पहिले सादरीकरण याच मंचावरून सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी पाहिले होते. कृष्णवर्णीय कलाकारांना आमंत्रित करण्याबाबत आणि त्यांच्याशी मंचावर आपुलकीने वागण्याबाबत सलिव्हन यांनी काही प्रायोजकांचा व दक्षिणेतील वितरकांचा रोष पूर्वीपासून पत्करला होता. अशा मंचावर डौलदार पोशाखातील तीन तरुण कृष्णवर्णीय स्त्रिया मोलकरणीची किंवा विदूषकाची भूमिका न करता, आपल्याच नावाने आणि पूर्ण आत्मविश्वासाने गात आहेत, हे दृश्य त्या पिढीतील असंख्य कृष्णवर्णीय मुलींनी मनात जपले. दूरचित्रवाणी निवेदिका ऑप्रा विन्फ्री आणि अभिनेत्री वूपी गोल्डबर्ग यांनी आपल्या बालपणीचा हा अनुभव पुढे वारंवार सांगितला आहे. त्या वर्षांत ‘जेट’ हे साप्ताहिक दूरचित्रवाणीवर कोणते कृष्णवर्णीय कलाकार कधी दिसणार याची यादी छापत असे, यावरून अशा दर्शनाची दुर्मिळता आणि त्याची वाट पाहणाऱ्यांची उत्कंठा दोन्ही लक्षात येतात.

सुरुवातीच्या या सादरीकरणांची मांडणी साधी असे. मुख्य गायिका रॉस अनेकदा एका बाजूला स्वतंत्र मायक्रोफोनसमोर उभी राही, तर बॅलर्ड आणि विल्सन दुसरा मायक्रोफोन दोघींत वाटून घेत. हात, मनगट, खांदे आणि किंचित वळणारी मान यांतूनच नृत्य साधले जाई, कारण मायक्रोफोनपासून दूर जाण्याची मुभा नव्हती आणि छोट्या पडद्यावर मोठ्या उड्यांपेक्षा बारीक हालचालीच ठसत. ‘अमेरिकन बँडस्टँड’सारख्या कार्यक्रमांत कलाकार ध्वनिमुद्रित गाण्यावर केवळ ओठ हलवत. सलिव्हन यांच्या मंचावर मात्र रे ब्लॉक यांच्या वाद्यवृंदाच्या साथीने प्रत्यक्ष गाण्याची प्रथा होती. त्यामुळे मूळ ध्वनिमुद्रिकेत डेट्रॉइटच्या वादकांनी दिलेला खोल ठेका येथे काहीसा हरवतो, पितळी वाद्ये पुढे येतात आणि लय अनेकदा जलद होते. मात्र त्या बदल्यात स्वरांचे ताजेपण मिळते. बॅलर्डचा भरदार आवाज आणि विल्सनचा किंचित धुरकट, मृदू स्वर हे दोन्ही या चित्रफितींत वेगवेगळे ओळखता येतात.

‘स्टॉप! इन द नेम ऑफ लव्ह’ या गाण्यातील पुढे रोखलेला तळहात हा या गटाचा सर्वांत प्रसिद्ध हस्तविक्षेप होय, आणि त्याचा जन्म थेट दूरचित्रवाणीच्या गरजेतून झाला. मार्च १९६५ मध्ये मोटाउनचे कलाकार ब्रिटनच्या दौऱ्यावर आले असताना ‘रेडी स्टेडी गो!’ या कार्यक्रमाचा ‘द साउंड ऑफ मोटाउन’ हा विशेष भाग मुद्रित करण्यात आला. या संगीताची निस्सीम चाहती असलेली इंग्रज गायिका डस्टी स्प्रिंगफील्ड हिने त्याचे सूत्रसंचालन केले. गाणे नवे असल्यामुळे त्याची नृत्यरचना तयार नव्हती. चित्रीकरणाआधी स्टुडिओच्या पुरुष प्रसाधनगृहात टेम्प्टेशन्स गटातील गायकांच्या मदतीने ती घाईघाईने बसवली गेली, अशी हकिकत गटातील व्यक्तींनी सांगितली आहे. वाहतूक थांबवणाऱ्या पोलिसासारखा हा हात कोणत्याही भाषेच्या प्रेक्षकाला तत्काळ कळतो. एप्रिलच्या अखेरीस प्रक्षेपित झालेल्या या भागात स्टीव्ही वंडर, मिरॅकल्स, मार्था अँड द व्हँडेलाज हेही होते. दौऱ्यातील अनेक प्रेक्षागृहे अर्धी रिकामी राहिली असली, तरी ब्रिटनमध्ये या संगीताची गोडी पसरवण्याचे काम या एका कार्यक्रमाने मोठ्या प्रमाणात केले.

जुलै १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोपाकबाना या प्रतिष्ठित नाइटक्लबमधील प्रवेशानंतर सुप्रीम्सच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत ब्रॉडवेच्या संगीतिकांतील जुनी गाणी वाढली. प्रौढ, गौरवर्णीय प्रेक्षकवर्ग मिळवण्याचे गॉर्डी यांचे धोरण त्यामागे होते. ही मिश्र गीतमाला सगळीकडे सारखी रंगते असे म्हणता येत नाही; गटाचे खरे तेज हॉलंड-डोझियर-हॉलंड यांच्या गाण्यांतच प्रकटते. ऑक्टोबर १९६५ च्या अखेरीस सलिव्हन यांचा कार्यक्रम कायमचा रंगीत झाला आणि पोशाखांना नवे महत्त्व आले. मणी, टिकल्या व भरतकामाने जड झालेले झगे, बदलते केशटोप आणि गडद काजळरेषा यांची दूरचित्रवाणीच्या प्रकाशयोजनेशी सांगड घातली जाई. २५ सप्टेंबर १९६६ च्या भागातील ‘यू कान्ट हरी लव्ह’चे सादरीकरण या टप्प्याचा उत्तम नमुना आहे. विल्सनने सांभाळून ठेवलेल्या या पोशाखांचे प्रदर्शन २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरले होते.

१९६७ हे वर्ष फार मोठ्या बदलाचे ठरले. गटाचे नाव ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ असे करण्यात आले आणि उन्हाळ्यात बॅलर्डला गटाबाहेर जावे लागले. तिच्या जागी पॅटी लाबेल यांच्या ब्लूबेल्स गटातील सिंडी बर्डसाँग आली. गट उभा करणारी आणि त्याला नाव देणारी गायिका पडद्यावरून अशी नाहीशी व्हावी, ही या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक घटना आहे. बॅलर्ड १९७६ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तली. नावातील बदल कॅमेऱ्यानेही अंगीकारला. रॉसची समीप दृश्ये वाढली आणि इतर दोघी अनेकदा पार्श्वभूमीत सरकल्या. ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत तर याहून पुढची पायरी गाठली गेली. ‘लव्ह चाइल्ड’ आणि ‘समडे वुई विल बी टुगेदर’ या पहिल्या क्रमांकावर पोहोचलेल्या गीतांच्या मुद्रणात विल्सन आणि बर्डसाँग यांचे आवाजच नाहीत. तेथे इतर गायिकांनी साथ दिली आहे. म्हणजे ज्यांच्या नावाने ही गाणी विकली गेली, त्या तिघी एकत्र पाहायच्या असतील तर दूरचित्रवाणीकडेच वळावे लागते.

१९६८ च्या सादरीकरणांवर त्या वर्षाच्या सार्वजनिक दुःखाची छाया आहे. ४ एप्रिल रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि दुसऱ्याच रात्री हा गट जॉनी कार्सन यांच्या ‘द टुनाइट शो’मध्ये उपस्थित राहिला. ‘समव्हेअर’ या गाण्याच्या मध्ये रॉस जे निवेदन करीत असे, त्यात किंग यांच्या स्वप्नाचा उल्लेख आणला गेला. नोव्हेंबरमध्ये लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहातील ‘रॉयल व्हरायटी परफॉर्मन्स’मध्ये ब्रिटिश राजघराण्यातील उपस्थितांसमोर तिने याच आशयाचे भाष्य केले. मोटाउनच्या सावध प्रतिमेच्या चौकटीत ही कृती धीटपणाची होती. २९ सप्टेंबर १९६८ रोजी सलिव्हन यांच्या मंचावर ‘लव्ह चाइल्ड’ गाताना रॉसने झगमगीत झगा बाजूला ठेवला. ती साधा स्वेटशर्ट घालून, नैसर्गिक कुरळ्या केसांच्या धर्तीची केशरचना करून अनवाणी उभी राहिली. विवाहबाह्य जन्म आणि वस्तीतील दारिद्र्य हा गाण्याचा विषय त्या वेशामुळे प्रेक्षकांपर्यंत थेट पोहोचला. नोव्हेंबरअखेर या गीताने बीटल्सच्या ‘हे ज्यूड’ला पहिल्या स्थानावरून हटवले.

टेम्प्टेशन्ससोबतची मैत्री आधीपासून होती. नोव्हेंबर १९६७ मध्ये सलिव्हन यांच्याकडे दोन्ही गटांनी एकमेकांची गाणी गाऊन धमाल उडवली होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी एनबीसी वाहिनीवरून प्रक्षेपित झालेला ‘टीसीबी’ (‘टेकिंग केअर ऑफ बिझनेस’) हा तासाभराचा विशेष कार्यक्रम त्याच सहयोगाचे विस्तारित रूप होता. मोटाउनने कार्यक्रमनिर्मितीत टाकलेले हे महत्त्वाचे पाऊल होते आणि त्याची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. जानेवारी १९६८ मध्ये ‘टारझन’ या मालिकेच्या एका भागात तिघींनी ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) भूमिकाही केल्या होत्या, मात्र अभिनयाच्या या प्रयोगाला गायनाइतके महत्त्व देता येत नाही.

१८ ऑक्टोबर १९६९ रोजी ‘द हॉलीवूड पॅलेस’ या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करताना रॉसने जॅक्सन फाइव्ह या बालगायकांच्या गटाची ओळख करून दिली. २१ डिसेंबरला तिने विल्सन व बर्डसाँग यांच्यासह सलिव्हन यांच्या कार्यक्रमात गट सोडण्यापूर्वीचे अखेरचे सादरीकरण केले. ‘समडे वुई विल बी टुगेदर’ म्हणजे ‘कधीतरी आपण एकत्र येऊ’ असे सांगणारे गाणे ताटातुटीच्या वेळी गाणाऱ्या तिघींच्या चेहऱ्यांवरचा संयम पाहणाऱ्याला आजही अस्वस्थ करतो. फेब्रुवारी १९७० मध्ये जीन टेरेल ही नवी मुख्य गायिका त्याच मंचावर ‘अप द लॅडर टू द रूफ’ घेऊन आली. ते सादरीकरण प्रसन्न आणि पुरेसे आश्वासक होते; टेरेलची तुलना सतत रॉसशी झाल्यामुळे त्याची व्हावी तशी कदर झाली नाही. सुप्रीम्स हा गट १९७७ मध्ये विसर्जित झाला.

या सादरीकरणांपैकी किती टिकले, हे प्रत्येक संस्थेच्या सवयीवर अवलंबून राहिले. दोन इंच रुंदीच्या चित्रफिती महाग असल्यामुळे त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. ‘द टुनाइट शो’च्या न्यूयॉर्क काळातील बहुतेक भाग आणि ‘रेडी स्टेडी गो!’चे बरेचसे भाग असेच नष्ट झाले, मात्र मोटाउनचा विशेष भाग सुदैवाने वाचला. सलिव्हन यांचा संग्रह तुलनेने सुस्थितीत राहिला. १९९० मध्ये अँड्र्यू सोल्ट यांच्या संस्थेने तो विकत घेतला, नंतर त्यातील सादरीकरणे डीव्हीडीवर व अलीकडे इंटरनेटवर अधिकृतपणे उपलब्ध झाली. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे रॉस गटातून बाहेर पडल्यानंतर, सुरू झाले असल्यामुळे महाराष्ट्रातील श्रोत्यांना सुप्रीम्स त्यांच्या भरभराटीच्या काळात घरच्या पडद्यावर पाहता येणे शक्यच नव्हते. आता मात्र १९६४ च्या त्या डिसेंबरमधील चित्रफीत कोणालाही पाहता येते, आणि तीत रॉससोबत विल्सन व बॅलर्ड या दोघीही पूर्ण चौकटीत, पूर्ण आवाजात गाताना दिसतात.